मोटारीचे गिअर आणि घाटाची वाट

नागपूर हें सपाटीवरचें शहर आहे. प्रतापनगर चौकांतून खामल्याकडे जावें, त्रिमूर्तिनगराकडे वळावें किंवा रिंग रोड गांठावा. मोटारीस खरा चढ असा कोठें लागत नाहीं. लागलाच तर एखाद्या उड्डाणपुलाचा, आणि तोहि पाऊण मिनिटांत संपतो. अशा रस्त्यांवर पांच-सात वर्षें मोटार चालविलेल्या गृहस्थाला आपल्या हाताविषयीं आणि आपल्या गाडीविषयीं भरंवसा वाटूं लागतो, व तो अगदींच अनाठायीं असतो असें नाहीं. मग उन्हाळ्याच्या सुटींत किंवा आषाढ-श्रावणांत घरांतून चिखलदऱ्याची टूम निघते. मुलें मागच्या बैठकीवर जागा धरतात, आजीसाठीं उशी घेतली जाते, डिकींत फराळाचे डबे आणि सतरंजी चढते, आणि पहांटे गाडी अमरावतीच्या रस्त्याला लागते.

परतवाड्यापर्यंतचे सुमारें २०० किलोमीटर सुखांत जातात. तेथून पुढें मात्र वाट बदलते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारें १,१०० मीटर उंचीवर आहे. परतवाड्यापासून सुमारें ३० किलोमीटरांच्या रस्त्यांत मोटारीला जवळजवळ ७०० मीटर वर चढावें लागतें, आणि परत येतांना तेवढेंच खालीं उतरावें लागतें. इंग्रजी अमदानींत मध्यप्रांताचें सरकार उन्हाळ्यांत पचमढीस जाई व वऱ्हाडचे अधिकारी गाविलगडच्या डोंगरांतल्या या चिखलदऱ्यास येत. तेव्हांपासून नागपूर-वऱ्हाडच्या माणसाला थंड हवा हवी असेल तर सातपुडा चढणें भागच आहे. या चढउतारांत एक गोष्ट अनुभवास येते. सपाटीवर वर्षभर झांकून राहिलेला मोटारीचा दोष घाटांत उघडा पडतो, आणि हा दोष पुष्कळदां क्लचचा किंवा गिअरबॉक्सचा असतो. शहरांत असा दोष म्हणजे नुसती गैरसोय. घाटांत तो जिवावर बेतूं शकतो, कारण उतारावर गिअर हा मोटारीचा दुसरा ब्रेक असतो.

हें कसें, तें समजण्यास मोठें यंत्रज्ञान लागत नाहीं. इंजिन वेगानें फिरत असतांनाच जोर देऊं शकतें. त्याची शक्ति थेट चाकांना जोडली तर पहिल्याच चढावर तें गुदमरून बंद पडेल. म्हणून मध्यें लहान-मोठ्या दांतेरी चाकांच्या जोड्या ठेवलेल्या असतात. सर्वसाधारण लहान मोटारींत पहिल्या गिअरवर गाडीचें चाक एकदां फिरतें तेव्हां इंजिन सुमारें चौदा वेळां फिरलेलें असतें. पांचव्या गिअरवर तेंच तीन-साडेतीन वेळां फिरतें. पहिल्या गिअरांत वेग कमी व जोर अधिक, पांचव्यांत जोर कमी व वेग अधिक, हा व्यवहार प्रत्येक चालकाच्या हाताला ठाऊक असतो. त्याची उलट बाजू मात्र सपाटीवरच्या चालकाच्या लक्षांत सहसा येत नाहीं. उतारावर गाडीचें वजन गाडीला खालीं ओढतें आणि चाकेंच इंजिनाला फिरवूं पाहतात. पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरांत चाकाच्या एका फेऱ्यासाठीं इंजिनाला आठ ते चौदा फेरे घ्यावे लागतात, आणि इंजिन ते सुखासुखीं घेत नाहीं. त्याच्या या अडवणुकीमुळें गाडी आपोआप आवरली जाते. पांचव्या गिअरांत ही पकड नाममात्र उरते, आणि न्यूट्रलमध्यें ती मुळींच नसते.

ही पकड सोडली तर सारा भार एकट्या ब्रेकवर येतो. तो भार किती, याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. माणसें व सामान धरून मोटारीचें वजन १,४०० किलो मानलें, तर ७०० मीटर खालीं येतांना जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारें ३० लिटर गार पाणी उकळीपर्यंत तापविण्यास पुरेल. यांतली बरीच ऊर्जा टायर आणि हवा घेतात, तरी उरलेली कोठें तरी जिरवावीच लागते. गाडी लहान गिअरांत असेल तर तिचा मोठा वांटा इंजिन घेतें आणि वाऱ्यावर सोडून देतें. गाडी मोकळी सोडली असेल तर ती सारी उष्णता तळहाताएवढ्या ब्रेक पॅडांत आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या लोखंडी तबकड्यांत सांठत जाते.

ब्रेक तापला कीं दोन गोष्टी घडतात. पॅडचें घर्षण कमी होतें. पाय तेवढाच जोरानें दाबला तरी गाडी पूर्वीसारखी थांबत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक कपटी आहे. पायाचा दाब चाकापर्यंत पोंचविणारें ब्रेक ऑईल हवेंतली आर्द्रता हळूहळू शोषून घेत असतें. डॉट ४ या प्रतीचें नवें तेल २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असें प्रमाण आहे. ओलावा शोषलेल्या तेलासाठीं तीच मर्यादा १५५ अंशांवर उतरते. डॉट ३ या प्रतीसाठीं हे आंकडे २०५ आणि १४० आहेत. तेल उकळलें कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलें जात नाहीं, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल एकाएकीं भुसभुशीत लागतें आणि तळाला जाऊन टेकतें. ज्या गाडीचें ब्रेक ऑईल चार पावसाळे बदललेलें नाहीं ती प्रतापनगरांत निर्धास्त फिरते, कारण तेथें ब्रेक कधीं एवढे तापतच नाहींत. घाटापूर्वीं तें तेल बदललेलें असावें. एरव्हींहि साधारण दोन वर्षांनीं तें बदलण्याचा प्रघात आहे.

उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली कीं पेट्रोल वाचतें, ही समजूत अजून पुष्कळांच्या मनांत घर करून आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तिला थोडा आधार होता. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या गाडींत गिअर घातलेला ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला कीं इंजिनाला होणारा इंधनाचा पुरवठा बहुतांशीं बंदच होतो, कारण चाकेंच त्याला फिरवीत असतात. न्यूट्रल केल्यावर मात्र तें जिवंत ठेवण्यापुरतें इंधन जळतच राहतें. म्हणजे बचत तर होत नाहींच, वर गाडीचा लगाम हातचा जातो. इंजिन बंद करून गाडी उतरविणें हा तर त्याहून मोठा अविचार होय. ब्रेकच्या पेडलाला साह्य करणारा बूस्टर इंजिनावर चालतो. तें बंद झाल्यावर दोन-तीन दाबांपुरतेंच साह्य उरतें व पुढें पेडल दगडासारखें कठीण होतें. स्टिअरिंगहि जड होतें, आणि किल्ली काढली गेली तर तें जागच्या जागीं अडकतें.

आतां क्लचकडे वळावें. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चक्रावर घर्षणाचें अस्तर लावलेली एक प्लेट स्प्रिंगच्या दाबानें घट्ट बसलेली असते. पेडल दाबलें कीं ती सुटते व इंजिनाचा चाकांशीं असलेला संबंध तुटतो. पेडल अर्धेंच दाबून ठेवलें तर प्लेट घासत राहते. सिग्नलवर हाफ क्लच धरून गाडी इंचाइंचानें सरकविण्याची, किंवा गाडी चालतांना डावा पाय पेडलावर टेकवून ठेवण्याची संवय शहरांत सर्रास दिसते. प्लेट झिजते ती या संवयीनें. झिजलेला क्लच सपाटीवर काम भागवितो. चढावर भार पडतांच तो घसरतो. इंजिनाचा आवाज वाढतो, गाडीचा वेग मात्र वाढत नाहीं, आणि जळक्या कागदासारखा उग्र वास येतो. याची परीक्षा घरच्या घरीं करतां येते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी ताशीं ४०-५० किलोमीटर वेगानें चौथ्या गिअरांत चालवावी आणि अॅक्सिलरेटर पुरा दाबावा. इंजिनाचे फेरे एकदम चढले व गाडी त्या मानानें पुढें झेपावली नाहीं, तर क्लच घसरत आहे असें समजावें. अशा गाडीनें घाटाचें नांव काढूं नये.

गिअरबॉक्सचे दोष आवाजावरून आणि हातावरून ओळखूं येतात. क्लच पुरा दाबूनहि गिअर पडतांना कर्र असा आवाज होत असेल तर एक तर क्लच नीट सुटत नाहीं, किंवा दोन चक्रांचे वेग जुळवून देणाऱ्या पितळी कड्या झिजल्या आहेत. गाडी चालत असतां एकसारखी घूं-घूं ऐकूं येत असेल तर गिअर ऑईल कमी झालें असेल किंवा एखादें बेअरिंग गेलें असेल. गाडी उभी असते त्या ठिकाणीं जमिनीवर तेलाचे डाग पडतात कीं काय, तें पहावें. सर्वांत घातक दोष म्हणजे घातलेला गिअर आपोआप निसटून दांडा न्यूट्रलवर येणें. सपाटीवर चालक तो पुन्हां ढकलून देतो आणि विसरतो. उतारावर नेमक्या वळणाशीं तो निसटला तर ब्रेकवर सारा भार येण्याचा जो प्रसंग वर सांगितला, तो न मागतां ओढवतो. दांड्यावर हात दाबून धरणें हा त्यावरचा उपाय नव्हे. गाडी मेकॅनिककडे नेणें हाच उपाय आहे.

ज्या गाड्यांत गिअर हातानें बदलावे लागत नाहींत त्यांच्या मालकांस वाटतें कीं ही चिंता आपली नव्हे. हाहि एक गैरसमजच आहे. भारतांत २०१४ सालीं सेलेरिओ या मोटारीबरोबर एएमटी नांवाची योजना लहान गाड्यांत आली. तिच्यांत गिअरबॉक्स व क्लच नेहमींचेच असतात. पायाचें आणि हाताचें काम तेवढें यंत्र करतें. म्हणून चढावर रांग थांबली असतां ब्रेक न दाबतां अॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरली तर याहि गाडीचा क्लच तसाच जळतो. दोन क्लचांच्या गाडीचेंहि तेंच. ज्यांत टॉर्क कन्व्हर्टर असतो त्या गाडींत प्लेटऐवजीं तेल तापतें. गिअर घातल्यावर गाडी क्षणभर अडखळून मग निघते, धक्के देते किंवा तेलाला करपट वास येतो, हीं तिच्या आजाराचीं चिन्हें होत. या साऱ्या गाड्यांना उतार आपोआप समजेलच अशा भरंवशावर राहूं नये. दांड्याजवळ एल किंवा २ हें अक्षर अथवा अधिक-उणें अशी खूण असते, ती यासाठींच होय. प्रवासापूर्वीं गाडीचें माहितीपुस्तक काढून तें पान वाचावें. विजेच्या मोटारींत चाकांचीच शक्ति बॅटरींत परत भरली जाऊन वेग आवरतो. पण डोंगरमाथ्यावर रात्रभर भरून बॅटरी पूर्ण झाली असेल तर तिला आणखी वीज घेतां येत नाहीं, व ही पकड सुरुवातीस क्षीण लागते. त्या गाडीनें निघतांना बॅटरी थोडी रिकामी ठेवणें शहाणपणाचें ठरतें.

गाडी निर्दोष असली तरी हात तयार असावा लागतो. त्यासाठीं नागपूरकरांना रामटेक सोईचें आहे. शहरापासून सुमारें ५० किलोमीटरांवरच्या या टेकडीवर गडापर्यंत मोटार जाते. यात्रेचे आणि सुटीचे दिवस टाळून एखाद्या सकाळीं तेथें चढावर गाडी थांबवून पुन्हां काढण्याचा सराव करावा. हँडब्रेक ओढलेला ठेवून पहिला गिअर घालावा, क्लच हळूहळू सोडतां सोडतां गाडीचें नाक किंचित् उचललें गेलें व इंजिनाचा आवाज जड झाला कीं थोडी रेस देऊन मग हँडब्रेक सोडावा. गाडी तसूभर मागें जातां कामा नये. ज्या गाडींत चढावर धरून ठेवणारी योजना असते ती गाडी दोन-तीन सेकंदच धरते; तेवढ्या वेळांत निघण्याची संवय हवी.

घाट चढतांना इंजिन धापा टाकूं लागण्यापूर्वींच लहान गिअर घालावा. वळणाच्या ऐन मध्यावर गिअर बदलूं नये, वळणाच्या आधीं बदलून घ्यावा. तापमानाचा कांटा वर सरकूं लागला तर वातानुकूलन बंद करावें, आणि रुंद जागा पाहून गाडी थांबवावी. इंजिन लगेच बंद न करतां कांहीं वेळ तसेंच चालू द्यावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र उघडूं नये.

उतरण्याचा नियम जुना आहे : ज्या गिअरांत चढलों त्याच गिअरांत उतरावें. १९२८ सालीं कॅडिलॅक मोटारींत गिअरचे वेग जुळवून देणारी सिंक्रोमेशची योजना आली. त्यापूर्वींच्या गाड्यांत चालतां चालतां लहान गिअर घालणें हें मोठ्या कौशल्याचें काम होतें, आणि उतारावर तें फसलें तर गाडी न्यूट्रलमध्येंच राहून जाई. म्हणून उतार लागण्यापूर्वींच गिअर घालून ठेवीत. आजच्या गाडींत गिअर सहज पडतो, तरी नियम तोच ठेवावा. दुसऱ्या गिअरांतहि वेग वाढूं लागला तर ब्रेक जरा जोरानें दाबून वेग नीट उतरवावा आणि पाय पुरा उचलून घ्यावा. अशानें मधल्या वेळांत ब्रेक निवतात. पाय सारखा ब्रेकवर टेकवून ठेवला तर त्यांना निवायला सवडच मिळत नाहीं. चाकांकडून जळका वास आला तर गाडी बाजूस घेऊन अर्धा तास थांबावें; तापलेल्या तबकडीवर पाणी ओतूं नये, ती वांकते किंवा तडकते.

घाटांतल्या अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर वाट कोणी द्यावी, याविषयीं नियम स्पष्ट आहे. उतरणाऱ्यानें बाजूस थांबून चढणाऱ्यास आधीं जाऊं द्यावें. चढणारी गाडी एकदां थांबली कीं तिला पुन्हां निघणें कठीण जातें, हें त्यामागचें कारण. पावसाळ्यांत चिखलदऱ्याला धुकें रस्त्यावर उतरतें. अशा वेळीं दिव्याचा झोत खालीं ठेवावा, वळणावर भोंगा द्यावा, डावी बाजू सोडूं नये, आणि पुढच्या गाडीला मागें टाकण्याचा मोह आवरावा.

इतकेंहि करून पेडल तळाला गेलेंच, तर घाबरून किल्ली फिरवूं नये. पेडल भराभर दाबून-सोडून पहावें. थोडा दाब परत येण्याचा संभव असतो. त्याच वेळीं एकेक पायरीनें गिअर खालीं आणावा आणि हँडब्रेक हळूहळू, झटका न देतां, ओढीत जावा. भोंगा आणि दिवे चालू ठेवावे. दरीची बाजू सोडून गाडी डोंगराच्या अंगास घ्यावी. पत्रा खरचटला तरी चालेल. घाटांत गाडी उभी करतांना आधीं हँडब्रेक ओढावा, मग तोंड चढाकडे असल्यास पहिला व उताराकडे असल्यास रिव्हर्स गिअर घालावा, आणि गाडी हललीच तर ती डोंगराकडे टेकेल अशा रीतीनें पुढचीं चाकें वळवून ठेवावीं. आपोआप गिअरच्या गाडींतहि आधीं हँडब्रेक व मग पी, हाच क्रम ठेवावा. चाकामागें धोंडा लावला असेल तर निघतांना तो आठवणीनें बाजूला टाकावा. रात्रीं मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसत नाहीं.

उतरून परतवाड्याला चहासाठीं थांबल्यावर एक लहानशी परीक्षा करून पहावी. हात न लावतां तळवा पुढच्या चाकाजवळ न्यावा. ब्रेकवर विसंबून आलेल्या गाडीच्या चाकांतून भट्टीसारखी धग येते. गिअरच्या आधारानें आलेल्या गाडीचीं चाकें तापलेलीं असलीं तरी त्यांजवळ हात धरवतो. मागच्या बैठकीवर झोपलेल्या मुलांना या दोन गाड्यांतला फरक कळणार नाहीं. ज्याच्या हातीं स्टिअरिंग आहे त्याला तो प्रतापनगरांतून निघण्यापूर्वींच कळलेला असावा.